आवसेचा थेंब

अमावास्येला गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा नियम गुणाजीने काढलेला नव्हता. मिठाच्या गाड्या चालवणारे जुने ड्रायव्हर तो पाळत आले होते. आवस आली की गाडी धुवायची, पुढची लिंबू-मिरची बदलायची, नारळ फोडायचा आणि दिवसभर गाडी उभी ठेवायची. गुणाजीने त्यात आपली एक गोष्ट घातली होती. गाडी उभीच आहे, तर त्या दिवशी इंजिनाचं तेल बदलून घ्यायचं. दर आवसेला. काट्यावर किलोमीटर किती पडले, हे तो बघत नसे.

रामचंद्र मेस्त्री त्यावरून त्याला छेडायचा. बोर्ली पंचतन सोडलं की श्रीवर्धनच्या रस्त्याला डाव्या हाताला त्याची पत्र्याची शेड होती, आणि गुणाजीचा पाण्याचा टँकर दर आवसेला सकाळी तिच्या दारात उभा राही.

"गुण्या, तेल काय चंद्र बघून खराब व्हतं काय रं?"

"चंद्र बघून न्हाय, राम्या. पन चंद्र इसरत न्हाय. मी इसरतो."

तसं पाहिलं तर गुणाजीचं बरोबरच होतं, आणि ते रामचंद्राला ठाऊक होतं. टँकर विहिरीवरून पाणी भरून हरिहरेश्वरला जायचा. अंतर ते किती! पण तिथे टेकडीवरच्या रिसॉर्टांच्या टाक्यांत पाणी चढवायचं तर पंप गाडीच्याच इंजिनावर चाले. गाडी जागच्या जागी उभी, आणि इंजिन तासन् तास घुमतंय. काट्यावरचा आकडा हलत नाही, आत तेल मात्र काजळी खात बसतं. असल्या गाडीचं तेल किलोमीटर मोजून बदलणारा माणूस एक दिवस इंजिन हातात घेऊन बसतो. गुणाजीला हे समजावून सांगता आलं नसतं. त्याने आपला चंद्र धरला होता.

त्याची आणखी एक सवय होती. टँकरच्या केबिनमध्ये एक कॅलेंडर टांगलेलं असे. तेल बदललं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढायचा आणि तिच्या टोकाचा एक थेंब आवसेच्या चौकटीत टेकवायचा. चांगलं तेल कागदावर पसरतं, कडेला फिकट होत जातं. मेलेलं तेल पसरत नाही. मधोमध काळा ठिपका धरून बसतं. हे रामचंद्रानेच त्याला कधीकाळी शिकवलं होतं. वर्ष संपलं की गुणाजीची बायको नीराबाई ते कॅलेंडर चुलीत घालायची. तेल लागलेला कागद चटकन पेटतो.

एवढी काळजी घ्यायला कारण होतं. दोन वर्षांमागच्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखातीला, गाड्यांची पूजा चालली असताना टँकरचा मालक प्रज्योतशेठ सगळ्यांसमोर बोलून गेला होता. हा उरणकडचा तरुण माणूस. मिठागरं गेली तेव्हा त्याचे वडील ट्रकच्या धंद्यात आले, आणि हा इकडे किनाऱ्यावर टँकर घेऊन आला. तेव्हा टँकर जुना होता, पाण्याचा धंदा नवा होता आणि त्या गाडीवर दुसरा कोणी ड्रायव्हर टिकत नव्हता. शेठ नारळ हातात घेऊन म्हणाला होता, "गुणाजी, इंजिन न खोलता दोन आखाती काढ. गाडी तुझ्या नावावर करतो. जबान देतो." ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुणाजीने पुढे होऊन गाडीच्या टायरला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

दोन आखाती आता भरत आल्या होत्या. पौष चालू होता. चैत्राची आवस गेली की तिसऱ्या दिवशी आखाती.

गुणाजीने पेंटरलाही सांगून ठेवलं होतं. केबिनच्या कपाळावर, काचेच्या वर, निळ्या रंगाची पट्टी मारून घेतली होती आणि ती कोरी ठेवली होती.

"काय लिवनार हायस?" रामचंद्राने विचारलं.

"नीराबाई प्रसन्न."

"अरं, देवाचं नाव लिव. बायको कसली प्रसन्न?"

"तीस वर्षांत एकदा झाली तरी बस हाय," गुणाजी म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

रामचंद्रही हसला. पण गुणाजी गेल्यावर तो कितीतरी वेळ पाना हातात घेऊन नुसता उभा होता.

पौषाच्या आवसेला दोन दिवस असताना प्रज्योतशेठची पांढरी गाडी शेडसमोर थांबली. शेठ उतरला नाही. त्याने काच खाली केली.

"रामभाऊ, गुणाजीची गाडी कशी आहे?"

"एक नंबर. अजून पाच वर्सं हात लावायला नको."

"पाच वर्षं!" शेठने समोरच्या रस्त्याकडे बघितलं. "तेव्हा टँकरला कोण विचारत होतं, सांगा. आता सीझनला मला गाड्या पुरत नाहीत. एनीवे, जबान म्हणजे जबान. इंजिन चांगलं राहिलं तर गाडी त्याची."

"व्हय, शेठ."

"तुमची ही शेड आमच्या जागेत किती वर्षं झाली? बारा? जागेचा कागद-बिगद आपण कधी केलाच नाही, बघा. जरूरत नहीं पडी." तो हसला. काच अर्धी वर गेली आणि थांबली. "आणि ते जुनं काळं तेल सगळं सेंट्रिंगवाल्यांना फळ्यांना लावायला देऊन टाकू नका. राहू द्या एक डबा. कामाला येतं."

गाडी गेली. रामचंद्राला भीती वाटली, हे खरं आहे. शेड शेठच्या जागेत, शेठच्या सहा गाड्यांचं काम शेडमध्ये, आणि माघ संपताच मुलीचं, भाविकाचं, लग्न ठरलेलं. पण भीती फार तर संध्याकाळच्या चहापर्यंत टिकली. चहा पिऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण घाबरलेलो नाही. आपण मोजतोय. डब्यात किती तेल आहे, ते मोजतोय.

तो आणि गुणाजी एकाच मिठाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागले होते. पस्तीस वर्षं झाली. एकाच गोणपाटाखाली झोपले, एकाच ड्रायव्हरच्या लाथा खाल्ल्या. रामचंद्र डोळे मिटून सतरा आणि एकोणीसचा पाना ओळखायचा. गुणाजी उघड्या डोळ्यांनी चुकायचा. इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं बेरिंग गेलं ते सांगणारा रामचंद्र. आणि आता मालक कोण होणार, तर गुणाजी! उद्या हाच आपल्या दारात गाडी लावणार आणि म्हणणार, मेस्त्री, जरा बघा. तो तसं म्हणाला नसता. तो जन्मभर राम्याच म्हणाला असता. पण रामचंद्राच्या कानात ते 'मेस्त्री' वाजलं ते वाजलंच.

आवसेच्या दिवशी भर दुपारी गुणाजी नारळ घेऊन गावदेवीला गेला. जाऊन यायला अर्धा तास. रामचंद्राने टँकरचं तेल खाली सोडलं आणि डब्याचं झाकण काढलं. त्यात शेठच्या दुसऱ्या तीन ट्रकांचं तेल होतं, दुप्पट चालून मेलेलं. भाविकाच्या जुन्या ओढणीतून त्याने ते आदल्या दिवशीच गाळून ठेवलं होतं, म्हणजे कचरा जाणवू नये. जुना फिल्टर डिझेलने धुतला, वरून पुसला आणि परत बसवला. नवा फिल्टर कपाटात टाकला. त्याचं रिकामं खोकं मात्र गुणाजीला दिसेल असं दारात फेकलं. मोठ्या ड्रममधलं नवं तेल काढून शेठच्या खडीच्या ट्रकात ओतलं, ड्रममधलं तेल कमी झालेलं दिसावं म्हणून. सगळं काम त्याने नेहमीसारखं स्वच्छ केलं. एक थेंब जमिनीवर सांडला नाही.

गुणाजी खोबऱ्याचा तुकडा घेऊन आला. त्याने पट्टी ओढली.

"राम्या, हे तर काळं."

"पाच मिनिटं चालू केलं व्हतं इंजिन. डिझेलची गाडी हाय. काजळी धरतंच तेल. काळं तेल म्हंजे खराब तेल न्हवं, हे कोनी शिकवलं तुला?"

"तूच."

"मग?"

ही गोष्ट खरी होती. डिझेलच्या इंजिनात चांगलं तेलही दिवसभरात काळं पडतं. काजळी अंगावर घेणं हेच तर त्याचं काम. रंगावरून काही कळत नाही. रामचंद्राने आयुष्यभर लोकांना हे सांगितलं होतं आणि आज तेच सांगितलं. यात एक शब्द खोटा नव्हता, म्हणून सांगताना जीभही अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी गुणाजी पाणी भरायला जाता जाता शेडपाशी थांबला. कॅलेंडर काढून घेऊन आला होता. नव्या वर्षाचं नवं कॅलेंडर, पहिलाच थेंब.

"बघ जरा. घट्ट वाटतो."

रामचंद्राने बघितलं. थेंब पसरला नव्हता. मधोमध तीळ बसावा तसा बसला होता.

"आताचं तेलच तसं येतं. ड्रम नवीन हाय."

"तू म्हनतोस तर तसंच," गुणाजी म्हणाला आणि खोबऱ्याचा उरलेला तुकडा त्याच्या हातावर ठेवून निघून गेला.

माघाच्या आवसेच्या दुसऱ्या दिवशी भाविकाची हळद होती. आवसेला सकाळीच घरची विहीर गाळावर आली. मांडवात दोनशे माणसं येणार, आचारी येऊन बसलेला, आणि हंडा बुडेना. भाविका मोबाइल हातात घेऊन रडायला लागली. कोणी फोन केला ते रामचंद्राला नंतरही कळलं नाही. पण तासाभरात टँकरचा हॉर्न ऐकू आला.

"आवस हाय ना आज?" रामचंद्र म्हणाला. "गाडी काढलीस?"

"पोरीची हळद रोज रोज येती काय?" गुणाजी पाइप ओढत म्हणाला. "शेठला कळू देऊ नको, म्हंजे झालं. तुलाबी बोलनी बसतील, मलाबी."

त्याने तीन खेपा केल्या. टाक्या भरल्या, पिंपं भरली, आचाऱ्याची घंगाळं भरली. शेवटी उरलेल्या पाण्याने मांडवाची धूळ मारली. भाविका त्याच्या पाया पडली. तो ओशाळला आणि म्हणाला, "गुणाकाकाच्या पाया कशाला गं? जा, हळदीची तयारी कर."

लग्न झालं. शेड चार दिवस बंद होती. पाचव्या दिवशी गुणाजी तेल बदलायला आला. रामचंद्राच्या नखांत अजून हळद होती. त्याच हातांनी त्याने गाळलेल्या काळ्या तेलाचा डबा उचलला आणि टँकरच्या इंजिनात रिकामा केला. गुणाजी तेव्हा समोरच्या टपरीवर लग्नाचं कौतुक सांगत बसला होता.

कॅलेंडरवर माघाच्या आवसेची चौकट कोरीच राहिली. गुणाजीने पाच दिवसांनंतरचा थेंब तिच्यात टेकवला नाही. "आवस चुकली ती चुकली," तो म्हणाला. "खोटा डाग कशाला?"

फाल्गुनाच्या आवसेला तिसऱ्यांदा तेच. आता रामचंद्राला काही वाटेनासं झालं होतं. त्या दुपारी तो ओतता ओतता गुणगुणत होता, आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात आल्यावरच तो गप्प झाला.

चैत्र लागला, शाळांना सुट्या पडायला आल्या, हरिहरेश्वरला गर्दी झाली. टँकर दिवसाला सहा सहा खेपा करू लागला. एका सकाळी गुणाजी शेडमध्ये आला तो चेहरा पाडूनच.

"राम्या, ऑइलचा दिवा लुकलुकतो. पंप चालू केला की लागतो, मग विझतो."

रामचंद्राने केबिनमध्ये वाकून बघितलं. दिवा खरंच लुकलुकत होता. इंजिन आपलं म्हणणं सांगत होतं. त्याला दुसरी भाषा नव्हती. या घडीला तेल काढलं असतं, फिल्टर बदलला असता, तर ते वाचलं असतं. हे रामचंद्राइतकं त्या तालुक्यात कोणाला कळलं नसतं.

"सेन्सर गेलाय," तो म्हणाला. त्याने खाली हात घालून वायर ओढली. दिवा विझला. "आता न्हाय लागनार."

"बरं केलंस," गुणाजी म्हणाला. "उगाच जिवाला घोर."

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. रामचंद्र मोटरसायकलवरून हरिहरेश्वरला पोचला तेव्हा टेकडीच्या चढावर टँकर तिरका उभा होता. पंपाचा पाइप रिसॉर्टच्या टाकीत तसाच सोडलेला. वरच्या गॅलरीतून केसांना फेस लागलेली एक बाई ओरडत होती, "पाणी कधी येणार? माझ्या डोळ्यांत जातंय!" मॅनेजर गुणाजीला बोलत होता. गुणाजीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तापलेल्या केबिनला पाठ लावून तो रस्त्यावर बसला होता.

"ठोकायला लागलं," तो म्हणाला. "खण खण खण. मी लगीच बंद केलं, राम्या. तुझी शपथ, लगीच बंद केलं. मग फिरंचना. जाम झालं."

"बघू," रामचंद्र म्हणाला. "बघू आपन."

टँकर ओढून शेडमध्ये आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्योतशेठ आला, बरोबर त्याचे दोन ड्रायव्हर. सगळ्यांदेखत रामचंद्राने खालची ऑइलची टाकी सोडली. तेल पडलं नाही, लोंबलं. डांबरासारखा गोळा घमेल्यात आला आणि त्यात बेरिंगच्या पत्र्याच्या चकाकत्या पापड्या. शेठने मोबाइल काढून दोन फोटो घेतले.

"ये क्या है, गुणाजी? हे तेल आहे का? बदललंच नाहीस तू कधी?"

"बदललं, शेठ. दर आवसेला. राम्याला इचारा."

"रामभाऊ कशाला सांगतील? गाडी तू चालवतोस."

गुणाजी केबिनमध्ये चढला आणि कॅलेंडर घेऊन खाली आला. देवळात ताट पुढे करावं तसं त्याने ते रामचंद्रापुढे केलं. "तू वाच. तुला कळतं. ह्यो पौषाचा थेंब. ह्यो फाल्गुनाचा. मी येक दिवस..."

रामचंद्राने कॅलेंडर हातात घेतलं. पौषाचा थेंब काळा, गोल, मेलेला. फाल्गुनाचा त्याहून काळा. तेल बदलल्याच्या दुसऱ्याच सकाळचे थेंब. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी खाली सही केल्यासारखं लिहिलेलं होतं. इथे वाचता येणारा माणूस एकच होता. त्याने मान वर केली. शेठ कॅलेंडरकडे बघत नव्हताच. तो रामचंद्राकडे बघत होता.

रामचंद्राने पान उलटलं, परत उलटलं आणि बोट ठेवलं.

"माघाची आवस?"

चौकट कोरी होती. गुणाजीने तिच्याकडे बघितलं. मग रामचंद्राकडे बघितलं.

"कोरी कशी?" शेठने विचारलं. "कुठे होतास त्या दिवशी?"

बाहेरून एक एसटी गेली. गुणाजी अजून रामचंद्राकडेच बघत होता. त्याने सांगावं म्हणून नव्हे. आपण सांगू का, असं तो डोळ्यांनी विचारत होता. शेठला न विचारता, त्याच्या टँकरने, फुकट, तीन खेपा, याच मेस्त्र्याच्या मुलीच्या हळदीला. सांगितलं असतं तर गाडी गेली ती गेलीच होती, वर मेस्त्र्यालाही बोलणी बसली असती. रामचंद्राने खिशातलं फडकं काढलं आणि एकेक बोट पुसायला घेतलं.

"चुकली, शेठ," गुणाजी म्हणाला. "आवस चुकली. माझीच चुकी हाय."

"मी तुला शब्द दिला होता, यार," शेठ म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखी त्याने मान हलवली. "सगळ्यांसमोर दिला होता. मी देणारच होतो ना? तूच घेतली नाहीस." मग तो दोन्ही ड्रायव्हरांकडे वळला. "असू दे. गुणाजीला मी काढणार नाही. याच आखातीपासून पुन्हा दोन आखाती. इंजिन न खोलता. जबान तीच आहे माझी."

"शेठचं काळीज मोठं," एक ड्रायव्हर म्हणाला. दुसऱ्याने मान डोलावली. गुणाजीने वाकून शेठला हात जोडले.

सगळे गेल्यावर गुणाजी गाडीखाली काम करायच्या खड्ड्याच्या काठावर बसला. निळी पट्टी त्याच्या डोक्यावर होती, कोरी. तो म्हणाला, "येका आवसेनं, पाच दिसांच्या उशिरानं एवढं व्हतं, राम्या?"

"व्हतं कधी कधी," रामचंद्र म्हणाला. "इंजिन हाय. कधी काय मनाला लावून घेईल, सांगता येत न्हाय."

"एक कर. भाविकाला नको सांगू."

"काय?"

"त्या दिसाचं. पोर आताच सासरी गेलीय. म्हनंल, माझ्या हळदीपायी गुणाकाकाची गाडी गेली. जन्मभर डोक्यात ठेवील. तू नको बोलू, मी नीराला बी न्हाय सांगनार."

आपल्याला शरम वाटेल, अशी रामचंद्राची अटकळ होती. ती वाटली नाही. वाटला तो राग. हा माणूस एकदा तरी ओरडला असता, एक शिवी घातली असती, निदान त्या बाईच्या फेसावर तरी हसला असता. एवढं चांगलं असायची याला कोणी सक्ती केली होती? "न्हाय सांगनार," तो तुटकपणे म्हणाला आणि पाने गोळा करू लागला.

गुणाजी उठला. त्याने कॅलेंडर घेतलं आणि शेडच्या भिंतीवरच्या खिळ्याला, पान्यांच्या शेजारी, टांगलं. माघाचं पान वर ठेवलं.

"इथं कशाला?"

"इथंच राहू दे. मी आलो की मला दिसंल. परत चूक न्हाय व्हायची."

पनवेलहून सामान आलं. क्रँक घासून आला, बेरिंगं नवी बसली. रामचंद्राने दहा दिवस मान मोडून काम केलं, आणि कामात खोट ठेवली नाही. इंजिन धुतलं, पुसलं, जोडलं. चैत्राच्या आवसेला सकाळी त्यात फक्त तेल घालायचं राहिलं होतं. तीन दिवसांनी आखाती होती.

भाविका माहेरपणाला आली होती. ती चहा घेऊन शेडमध्ये आली तेव्हा गुणाजी नव्या लिंबू-मिरचीला दोरा बांधत होता.

"गुणाकाका, या आखातीला गाडी तुमची होणार ना? नाव लिहिलं का? ही पट्टी अजून कोरीच आहे."

गुणाजीने आधी रामचंद्राकडे बघितलं आणि मग हसला. "लिवू गं. घाई काय हाय? पेंटर पळून चाललाय काय?"

"मला फोटो पाठवा हं लिहिलं की."

"पाठवतो तर! पयला तुला."

ती कपबशा घेऊन गेली. गुणाजीने नारळ उचलला आणि गावदेवीच्या रस्त्याला लागला. दारातून वळून म्हणाला, "तू घाल तेल. मी आलोच. उद्या थेंब टेकवू."

रामचंद्र मोठ्या ड्रमपाशी गेला. नळाखाली मापाचा डबा धरला. नळ फिरवल्यावर मधासारखं तेल खाली आलं, आणि त्यात शेडच्या दारातलं ऊन उतरलं. पाव डबा भरला तेव्हा त्याची नजर भिंतीवर गेली. उद्या याचा थेंब पसरेल, फिकट होत जाईल, आणि त्याच कॅलेंडरात पौषाचा आणि फाल्गुनाचा थेंब आहे. गुणाजी तिन्ही शेजारी शेजारी धरून बघेल. अर्थात, इंजिन धुतलंय म्हणून तेल स्वच्छ दिसतं, असं त्याला सांगता आलं असतं. त्याने ते मान्यही केलं असतं. त्याने आजवर काय मान्य केलं नव्हतं?

म्हणजे अडचण काहीच नव्हती. शेठनेही या वेळी काही सांगितलं नव्हतं. काच खाली झाली नव्हती, जागेचा विषय निघाला नव्हता. दोन आखाती अजून दोन वर्षं लांब होत्या.

दोन वर्षं. मग पेंटर येईल, आणि निळ्या पट्टीवर नाव लिहील.

रामचंद्राने नळ बंद केला. मापातलं तेल परत ड्रममध्ये ओतलं, शेवटचा थेंब गळेपर्यंत डबा उपडा धरला. मग तो शेडच्या मागे गेला. सेंट्रिंगवाल्यांसाठी ठेवलेले काळ्या तेलाचे डबे तिथे रांगेने होते. त्यातला एक त्याने उचलून आणला, तोंडावर भाविकाची ओढणी ताणून बांधली आणि ओतायला सुरुवात केली.

रस्त्यावरून गुणाजीचा आवाज आला. तो कोणाला तरी हाक मारून प्रसाद देत होता.